तिथीची पाऊणपट

माहितीपत्रकात छापलं होतं : नदीदर्शन.
'प्रशस्त' हा शब्द तीनदा,
आणि पूर्वेला गच्ची, एकशे ऐंशी चौरस फूट,
जिच्यासाठी मी बँकेला
पुढची एकोणीस वर्षं लिहून दिली.

लिफ्टमध्ये, नवव्या मजल्याच्या सुमारास,
बाबांनी नाक चिमटीत धरलं,
गाल फुगवले
आणि कान मोकळे केले.
शेजारच्या बाईंचा मुलगा फिसकन हसला.
त्याला कोण सांगणार,
की कोलशेतच्या बंदरात होडी बांधून
रोवलेल्या बांबूला धरून
रिकामी बालदी घेऊन खाली जाताना
जोमा मढवी दर बुडीला हेच करायचे.
दिवसाला शंभर, सव्वाशे बुड्या.
उजवा कान तिथंच राहिला, गाळात.

सत्ताविसावा.
दार उघडलं. बाबांनी चपला बाहेर काढल्या,
खोल्या पाहिल्या न पाहिल्यासारख्या,
स्वयंपाकघराच्या ओट्यावरून एकदा हात फिरवला,
नि सरळ गच्चीवर.

"नदी," मी म्हटलं. उगाच.
"नदी कशाची? खारी हाय ती."
मग बराच वेळ काही नाही.
पलीकडे काल्हेरची गोदामं,
निळे पत्रे, तिवरांची एक जाड रेघ,
मधे पाणी, मला सपाट दिसणारं.
त्यांना ते सपाट दिसत नव्हतं.
बोट वळत होतं :
इथं तीन वाव. तिथं खडक. त्या वळणाला
धर्माचा भाऊ गेला, वर आलाच नाही.
ती बारीक रेती, ती जाड,
ती काळी, जिला भाव होता.

"किती वाव असंल गं हे, वर?"
मी मोबाईलवर हिशेब केला. पंचेचाळीसच्या आसपास.
ते हसले.
"मी खाली सहा गेलो फार तर."

परत फिरताना कठड्याखाली थांबले.
नव्या रंगावर पांढुरकी फुली उमटली होती,
पिठासारखी.
नखानं खरवडून त्यांनी जिभेला लावली,
डोळे मिटले,
जसं कुणी कालवणाचं मीठ बघतं.
"खारीची रेती हाय. धुतली नाय नीट."

बिल्डरच्या माणसानं सांगितलं होतं
तक्रार असेल तर फोटो पाठवा, आठ दिवसांत माणूस येईल.
मी फोटो काढला.
अजून पाठवलेला नाही.
रंगारी येईल, पुट्टी भरेल, वरून हात मारेल,
आणि मग मला कळणार नाही
या भिंतीतली कुठली बालदी
कुणाच्या श्वासावर वर आली होती.

रात्री राहा म्हटलं, राहिले नाहीत.
गादी मऊ, पंखा गार, सगळं मान्य,
"पन पानी वाजत नाय इथं."
सात मिनिटांवर गावातलं घर. रिक्षा त्यांनी नाकारली.
वरून मी त्यांना शोधत राहिले
फाटकापासून वळणापर्यंत,
एक पांढरा सदरा, कदाचित त्यांचा, कदाचित नव्हे.

जाताना लिफ्टपाशी एक गोष्ट शिकवून गेले,
घर बघायला येणारे नारळ देतात तशी :
तिथीची पाऊणपट करायची.
दशमी असंल तर साडेसात.
वर तासभर धरायचा,
आपल्याकडं पाणी उशिरा चढतं.

माझ्या टेबलावर हप्त्यांचा तक्ता असतो,
व्याज वेगळं, मुद्दल वेगळं.
त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला
आता तिथ्या लिहिलेल्या आहेत, शाळकरी अक्षरात.

काल सप्तमी. सव्वापाच, अधिक एक.
ऑफिसातून लवकर निघाले, कारण सांगितलं नाही.
पावणेसहाला गच्चीत खुर्ची ओढली.
सव्वासहाला पाणी थांबलं.
खरंच थांबलं. एक पत्रावळ
मधोमध उभी होती, कुठे जावं न ठरलेली.

फोन वाजला.
"पलटलं?"
"थांबा जरा."
डाव्या कानाशी धरलेल्या त्यांच्या फोनातून
गावातला कुकर ऐकू येत होता.
पत्रावळ हलली.
समुद्राकडे.
"पलटलं," मी म्हटलं.